ज्ञानाला कुलूप कोणी घातले?

पैठण सोडून गोदावरी पुढे वाहू लागली म्हणजे तिच्या डाव्या अंगाला जो काळ्या मातीचा मुलूख पसरत जातो, त्यात जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी हे गाव येते. जायकवाडीच्या धरणातून निघालेला दोनशे आठ किलोमीटरांचा डावा कालवा याच भागातून परभणीकडे जातो. ऊस, कापूस आणि मोसंबी ही येथली पिके. गावाला साखर कारखाना आहे, बाजार आहे, आणि अलीकडे नगरपंचायतही आली आहे. आमच्या शहरी वाचकांपैकी फार थोड्यांनी हे गाव पाहिले असेल. पुष्कळांनी त्याचे नावही ऐकले नसेल. तरीही आज अग्रलेखाच्या आरंभी आम्ही त्याचे नाव घेतो, याला कारण आहे. दुसऱ्याला आपले ज्ञान सांगावे की सांगू नये, हा प्रश्न आपल्या दिवाणखान्यात सुभाषितांचा विषय असतो. तीर्थपुरीच्या शिवारात तो घरदार तरण्या-बुडण्याचा विषय आहे.

याच तालुक्यात जांब आहे. १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म तेथे झाला. आपणास जे ठाऊक असेल ते हळूहळू इतरांस शिकवावे, हा त्यांचा उपदेश शाळेच्या भिंतीवर वाचला नाही असा मराठी माणूस विरळा. भिंतीवर रंगविलेल्या वचनांचे जे होते तेच याचेही झाले: सर्वांस पाठ, कोणासच लागू नाही! पण दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास किती जणांच्या वाचनात आला असेल? त्या समासाचा विषय आहे लेखन कसे करावे हा. अक्षर कसे असावे, कागद कसे तयार करावेत, शाई कशी असावी, ग्रंथ जतन कसे करावेत, याचे निरूपण करण्यासाठी ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या या पुरुषाने एक सबंध समास खर्ची घातला. शहाणे करण्याची इच्छा असणे वेगळे आणि त्यासाठी बैठक मोडून काम करणे वेगळे, हे समर्थांना नेमके कळले होते. सांगावयाचे तर ते दुसऱ्यास वाचता येईल असे सांगितले पाहिजे, आणि आपल्यामागे टिकेल असे लिहून ठेवले पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या राममंदिरातून पुरातन मूर्ती चोरीस गेल्या तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला, आणि ते योग्यच होते. पुढे पोलिसांनी मूर्ती शोधून काढल्या. त्याच जांबच्या उपदेशाचा आपल्याला पडलेला विसर मात्र कोणत्याही ठाण्यात नोंदवता येत नाही.

आता शिवाराकडे वळू. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि या फळाने या जिल्ह्यातील कित्येक घरांना बरे दिवस दाखविले आहेत. पण मोसंबीचे झाड हा मोठा कठोर परीक्षक आहे. रोप लावल्यापासून पहिले भरवशाचे पीक हाती येण्यास पाच-सहा वर्षे जातात. खुंट चुकला, रोपवाटिकेने रोगट रोप गळ्यात बांधले, निचरा न होणाऱ्या जमिनीत बाग उभी केली, तर ती चूक पाच-सहा वर्षांनंतर उघडी पडते. बहर धरण्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत तो थोडे दिवस पुरतो, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस लागतात. कमी पडला तर फूल येत नाही आणि जास्त झाला तर झाडच खचते. बुंध्याला डिंक्या लागला की बोर्डो पेस्ट लावावी हे पुस्तकात छापलेले आहे. पण आपल्या बांधावरच्या या विशिष्ट मातीत, या विशिष्ट विहिरीच्या पाण्यावर, पाणी किती दिवस तोडावे याचे उत्तर ज्याने एकदा बाग घालविली आहे त्याच्यापाशीच असते. एका माणसाच्या आयुष्यात मोसंबीच्या अशा दोन किंवा तीन चुका करण्यापुरतीच वर्षे असतात. म्हणून शेजाऱ्याची चूक कळणे हे येथे ज्ञानच नव्हे, तर भांडवल आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळाने हे भांडवल किती मोलाचे आहे ते दाखवून दिले. त्या वर्षी जालना जिल्ह्यात हजारो हेक्टरांवरील मोसंबी वाळली. टँकरने विकत पाणी आणून लोकांनी झाडे जगविण्याचा प्रयत्न केला. कोणी कर्ज काढून पाणी घेतले, आणि अखेर उभ्या बागेवर कुऱ्हाड चालविण्याची पाळी आली. तरीही काही बागा तगल्या. फळे वेळीच उतरवून टाकणे, हलकी छाटणी करून झाडावरचा पानांचा भार कमी करणे, बुंध्याभोवती आच्छादन घालणे, मिळेल ते थोडे पाणी थेट मुळाशी पोचविणे, असे उपाय ज्यांनी वेळेत केले त्यांना झाडे राखता आली. हातचे फळ झाडासाठी उतरवून फेकणे याला काय छाती लागते, ते बाजारात मोसंबी निवडून घेणाऱ्यास उमगणार नाही. पुढे २०१५-१६ साली पुन्हा दुष्काळ आला. पहिल्या दुष्काळाने जे शिकविले त्याचा केवढा भाग दुसऱ्या दुष्काळापर्यंत लिखित स्वरूपात नव्या बागायतदारापर्यंत पोचला? बहुतेक शहाणपण ज्याच्या त्याच्या ओसरीवरच राहिले. काही तर माणसाबरोबर गेले.

सगळेच ओसरीवर राहिले असे मात्र नव्हे, आणि जेथे श्रेय द्यावयाचे तेथे ते दिले पाहिजे. जालन्याजवळ खरपुडी येथे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र १९९२ पासून उभे आहे. विजयअण्णा बोराडे यांनी वाढविलेल्या या संस्थेत दर महिन्याच्या पाच तारखेस शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरविण्याची प्रथा पडली आणि ती वर्षानुवर्षे टिकली. अशा बैठकीत शास्त्रज्ञ बोलतात, आणि शेतकरीही उठून आपला अनुभव सांगतात. याच मंडळाने जालना तालुक्यातील कडवंची येथे पाणलोटाचे काम गावकऱ्यांना बरोबर घेऊन केले, आणि कोरडवाहू कडवंची द्राक्षाचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याही आधी श्री. अ. दाभोळकर या गणिताच्या प्राध्यापकाने ‘प्रयोग परिवारा’च्या रूपाने हेच सूत्र पश्चिम महाराष्ट्रात रुजविले होते. ज्याची शेती त्याची प्रयोगशाळा. प्रत्येकाने आपल्या जागी प्रयोग करावा आणि जे आढळेल ते इतरांस कळवावे. महाराष्ट्रातील द्राक्षबागांनी जी झेप घेतली तिच्यामागे सरकारी परिपत्रकांपेक्षा बागायतदारांनी एकमेकांच्या बागेत जाऊन केलेल्या चौकशांचा वाटा मोठा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्हांस या बैठकांचे कौतुक एका विशेष कारणासाठी वाटते. तेथे माणूस आपले अपयश चारचौघांत सांगू शकतो. सुशिक्षितांच्या सभेत हे क्वचितच घडते. आपण आपले यश सांगतो, सत्कार घेतो, गौरवग्रंथ काढतो. जे जमले नाही ते फायलीत बांधून ठेवतो. ज्या अभियंत्याने तीस वर्षे कालव्यांवर काढली त्याला ठाऊक असते की कोणत्या वितरिकेचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही. निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल मिळते, श्रीफळ मिळते, आणि ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. डॉक्टर, बँकेतील अधिकारी, शिक्षिका, न्यायालयातील जुने कारकून, सर्वांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. आपल्या चुका लिहून ठेवणारा निवृत्त अधिकारी आम्हांस कोणी दाखविला तर त्याचे लेखन आम्ही आनंदाने छापू. आत्मचरित्रे मात्र नकोत. ती कार्यालयात पुष्कळ येऊन पडली आहेत.

ज्ञानाला कुलूप घालण्याची खोड आजची नव्हे. तिची सर्वांत भारी किंमत मराठी भाषेने मोजली आहे, आणि ती कथाही याच गोदातीरावरून सुरू होते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी या तीरावर हिंडले. जे सांगावयाचे ते त्यांनी लोकांच्या भाषेत, मराठीत, सांगितले. त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी जे केले त्याला तोड नाही. स्वामींना ज्यांनी ज्यांनी पाहिले होते त्यांच्याकडे ते गेले, एकेकाची आठवण विचारून घेतली, पडताळली आणि लिहून काढली. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जो ‘लीळाचरित्र’, तो अशा रीतीने अनेकांच्या सांगण्यातून जन्मास आला. नागदेवाचार्यांना कोणी संस्कृतात विचारू लागले तेव्हा त्यांनी हटकले. त्या भाषेमुळे पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, अशी त्यांची तक्रार होती. लोकशिक्षणाची याहून उदार भूमिका त्या शतकात आणखी कोठे सापडेल?

आणि याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले! आम्ही हा दोष म्हणून सांगत नाही. परचक्रे येत होती, पोथ्या नष्ट होत होत्या. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथीच एका धाडीत नाहीशी झाली आणि हिराइसेसारख्यांच्या मुखोद्गत पाठावरून ते पुन्हा उभे करावे लागले, अशी पंथाची परंपरा सांगते. ज्याचे घर लुटले गेले आहे त्याने दाराला कडी घातली तर त्याला बोल कोणी लावावा? पण कडी घालण्याचे कारण संपले तरी कडी राहिली, आणि ती शतकानुशतके राहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी लिपीचा उलगडा केला, पंथातील समंजस महंतांनी पोथ्या खुल्या केल्या, ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापून आणले, तेव्हा कोठे मराठी माणसाला कळले की ज्ञानेश्वरीच्याही आधी आपल्या भाषेत असे जिवंत, बोलते गद्य होते. एकोणिसाव्या शतकात ज्यांनी अर्वाचीन मराठी गद्य घडविले त्यांनी इंग्रजीचे वळण समोर ठेवून घडविले. घरातच ठेवलेला कित्ता त्यांना कधी दिसलाच नाही. मराठीचे लेखन कोणत्या वाटेने गेले असते हा तर्काचा प्रश्न झाला. पण एवढे खरे की दागिना घरात असून कित्येक पिढ्या त्यावाचून राहिल्या.

संगीतातही हेच घडत होते. घराण्याची चीज शिष्याला देतानाही हात आखडता घेणाऱ्या उस्तादांच्या कथा आपण हसत सांगतो. विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून, आर्जवे करून, प्रसंगी अपमान गिळून त्या चिजा मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापून टाकल्या. आपल्या संगीतपद्धतीचा मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. स्वरलिपीत गाण्याचा प्राण येत नाही, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो अगदीच खोटा नव्हे. पण ज्यांनी चिजा दिल्या नाहीत त्यांच्यापैकी कित्येकांचे गाणे आज कोठेच ऐकू येत नाही, त्याचे काय?

येथे एक रास्त आक्षेप येईल आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. देणाऱ्याला काय मिळते? चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, वर्षानुवर्षे निवड करीत गेले, आणि त्यातून ‘एचएमटी’ नावाचे बारीक तांदळाचे वाण निघाले. बियाणे त्यांनी मागणाऱ्यास दिले. ते शेजाऱ्याकडे गेले, व्यापाऱ्याकडे गेले, जिल्ह्याबाहेर गेले, राज्याबाहेर गेले. कृषी विद्यापीठानेही ते शुद्ध करून आपल्या नावाने प्रसारित केले. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. पण दीड एकराच्या या धन्याची विवंचना काही सुटली नाही, आणि ३ जून २०१८ रोजी ते आजारपणात वारले. ज्याच्या तांदळाने लक्षावधी पानांवर भात वाढला त्याच्या उपचारासाठी मदतीची आवाहने करावी लागावी, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह नाही. मग कोणी शहाण्याने म्हणावे, की कशाला सांगा कोणाला? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार दादाजींच्या कुटुंबाला आहे. आपल्याला नाही. कारण येथे चूक देणाऱ्याची नसून घेणाऱ्यांची आहे. वाण आणि हक्क यांचे रक्षण करणारा कायदा देशात २००१ पासून आहे. त्याखाली शेतकऱ्याला आपले वाण नोंदविता येते. पण कायद्याच्या आधी एक साधी नीती आहे, ती म्हणजे ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव सांगणे. मोसंबीच्या बागेतील एखादी युक्ती असो की प्रबंधातील एखादे कोष्टक, ‘हे मला अमक्याने सांगितले’ एवढे म्हणण्यात कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

आजकाल असे सांगण्यात येते की हा सारा प्रश्न भ्रमणध्वनीने सोडविला आहे. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचे व्हॉट्सॲपवरचे समूह आहेत, माहितीचा पूर आलेला आहे. पूर आहे हे खरेच. पिण्याचे पाणी त्यात किती आहे हे पाहिले पाहिजे. कोणी लिहिले, कोणत्या जमिनीवर केले, झाडाचे वय काय होते, पुढे काय झाले, यांपैकी काहीच न सांगणारा संदेश पुढे ढकलणे म्हणजे ज्ञान देणे नव्हे. पुष्कळदा तो एखाद्या औषध विक्रेत्याचा फलकच असतो. पाच तारखेच्या बैठकीत उठून बोलणारा माणूस आपल्या शब्दाला बांधलेला असतो. पुढच्या महिन्यात त्याला त्याच लोकांपुढे यावयाचे असते. हा फरक लहान नाही.

शेवटी ज्या कुलपाची किल्ली आपल्या, म्हणजे सुशिक्षितांच्या, हाती आहे त्याविषयी. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. बदनापूरला मोसंबीचे संशोधन होते; बदनापूरच्या तुरीचे वाण मराठवाड्याने पाहिले आहेत. हे काम मोलाचे आहे. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या संगणकीय भांडारात ठेवले जातात, म्हणजे ते कोणी लपवून ठेवलेले नाहीत. पण ते इंग्रजीत आहेत. ज्याच्या बागेतील पाने तपासून पदवी मिळाली त्याला तो प्रबंध वाचता येत नाही. सकळ लिपी निदान शत्रूपासून रक्षण करण्यासाठी होती. ही लिपी कोणापासून रक्षण करते? नागदेवाचार्यांना म्हाताऱ्यांची जी चिंता वाटली ती सातशे वर्षांनंतर आपल्या विद्वत्सभांना वाटू नये काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दाव्याला ‘लीळाचरित्रा’चे बळ होते. म्हाइंभटांच्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. या घटनांचे सोहळे झाले. आम्हीही त्यांवर लिहिले. आता काम हवे.

आमची मागणी मोठी नाही आणि तिला फारसा पैसाही लागत नाही. कृषी, जलसिंचन आणि आरोग्य या विषयांतील प्रत्येक प्रबंधासोबत, पदवी देण्यापूर्वी, चार पाने सरळ मराठीत घ्यावीत: काय शोधले, कोणत्या जमिनीवर किंवा कोणत्या गावी शोधले, काय फसले, आणि कोणाच्या सांगण्याचा उपयोग झाला. फसल्याची नोंद नसेल तर प्रबंध परत करावा. परिभाषेची अडचण रिद्धपूरच्या विद्यापीठाने सोडवावी. शेतकरी, पाटकरी आणि परिचारिका आज जे शब्द वापरतात ते आधी गोळा करावेत, नवे घडविण्याची घाई करू नये. आणि दोन दुष्काळांत तगलेल्या मोसंबीच्या बागांचे मालक अद्याप आपल्यात आहेत तोवर कोणी म्हाइंभटांसारखे वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जावे. या कामी विद्यापीठाचे विद्यार्थी येतील. शहरातील निवृत्त मंडळीही येऊ शकतील, त्यांचे अक्षर चांगले असते आणि त्यांना वेळ असतो. त्यातून निघणारी पुस्तिका सांगणाऱ्यांच्या नावांसह छापून जालन्याच्या मोंढ्यात आणि तीर्थपुरीच्या बाजारात पुढच्या दुष्काळाच्या आधी मिळाली पाहिजे.